उघाडी

दाभोळच्या धक्क्यापासून चौथं दुकान माझं.
पुढे मेडिकल, मागे स्वयंपाकघर,
त्यामुळे शटर ओढलं तरी मी असतेच.
हरेश्वर पावसे हे जाणून आहे.
होडी सुटायच्या आधी, रात्री दोनला, कधी अडीचला,
पाणी असेल तसं,
तो बोटांच्या पेरांनी शटर वाजवतो.
"ताई, गुलाबी."

झाकणाने मोजणं त्याला मान्य नाही.
बाटली तोंडाला, एक मोठा घोट,
मग दर्याकडे तोंड करून उभा
ढेकर येईपर्यंत.
ढेकर आला की पैसे.

पाच मिनिटांचं काम. घड्याळात पाहिलंय मी.
आणि पुण्याई फार तर तासाभराची:
दीपगृह मागे पडेपर्यंत शांत,
मग पुन्हा छातीत चूल.

एकदा वही काढली. दोन महिन्यांत अकरा बाटल्या.
हात भरून येतो का, घास अडकतो का,
शी काळी होते का,
विचारायचं ते सगळं विचारलं.
तो लाजला. "नाय गो. नुसतं घशाशी येतं,
पाठ टेकली की."
तरी पाठवलाच डॉक्टरकडे.

कॅप्सूल आली. अर्धी पांढरी, अर्धी जांभळी,
आत मोहरीहून बारीक दाणे.
न्याहारीच्या अर्धा तास आधी, चौदा दिवस.
चौथ्या रात्री शटर वाजलं.
"ह्या गोळीला वाचाच नाय, ताई.
गिळली काय, न गिळली काय.
गुलाबी बोलते तरी."

खरं होतं. बोलते ती.

मग मी त्याला त्याच्याच बापाचं खाजण सांगितलं.
बांध, बांधाला उघाडी,
ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडणारी,
भरतीला आपसूक मिटणारी फळी.
फळी सैल झाली की खारं पाणी थेट भातात.
तुझी गुलाबी म्हणजे करवंटीने उपसणं.
उपसलेलं दिसतं, हाताला लागतं,
आणि भरती काय, परत येतेच.

"मग कॅप्सूल उघाडी दुरुस्त करते?"

नाही, म्हटलं. खोटं कशाला.
फळी सैलच राहील.
ही फक्त येणाऱ्या पाण्यातला खार उतरवते,
रोज थोडा.
शेताला ते कळायला दिवस लागतात.

तो बराच वेळ गप्प.
धक्क्यावर कुणीतरी इंजिन सुरू केलं, बंद केलं.
मग म्हणाला, "पण न्याहारी कुठली माझी?"

हे डॉक्टरने विचारलं नव्हतं.
मीही नाही.
दोनला कोरा चहा, चारला कोरा चहा,
सहाला पहिलं जाळं,
आणि भाकरी, वर सुकटीचं लालभडक कालवण,
थेट अकराला, दुसरं जाळं आत आल्यावर.
कॅप्सूल तो घ्यायचा घर सोडताना.
म्हणजे ती बिचारी वेळेच्या कितीतरी आधी येऊन,
बंद घराचं दार वाजवून,
रोज परत जात होती.

पाकिटावरचं "सकाळी" मी खोडलं.
लिहिलं: दुसरं जाळं ओढायला घेताना.
"आणि मिरची?" मी विचारलं.
"मिरचीचं मागाहून बघू."
गुलाबी मी बंद केली नाही.
असू दे होडीत, म्हटलं, डिझेलच्या कॅनशेजारी.
आग लागली तर घागर हवीच;
पण घागर म्हणजे विहीर नव्हे.

पुढच्या भांगाला दोनदा आला.
त्यापुढच्या उधाणाला एकदाच,
तेही बोटाला दोर कापला म्हणून.

काल अडीचला पावलं वाजली.
बॅटरीचा उजेड शटरच्या फटीतून आत आला,
काउंटरवरून सरकला,
पुढे गेला.
गुण आलेला माणूस दुकानाकडे बघत नाही.
असंच असावं.

बाटली मात्र मी काढून ठेवली होती,
झाकण सैल करून.